मायनं सोडलेलं खाणं

लातूरला आम्ही राहायचो त्या घराचा जिना बाहेरून होता. खाली मालकीणबाई, वर आमच्या दोन खोल्या आणि खोल्यांपुढं गच्चीचा तुकडा. उन्हाळ्यात त्या गच्चीवर मालकीणबाईंचे पापड, कुरडया, सांडगे वाळत पडलेले असायचे आणि कावळे हाकलायला माझी नेमणूक. त्यांना सगळी गल्ली काकू म्हणायची, आम्हीही म्हणायचो. जाडजूड, गोऱ्यापान, बोलायला गोड. सणाला पुरणपोळी वर पाठवायच्या, तीही शेजारी तुपाची वाटी ठेवून. वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिला शिव्या द्याल आणि मला जे सांगायचंय ते राहूनच जाईल.

दादा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. आमचं गाव मुखेडकडचं. बदली होऊन लातूरला आलो तेव्हा मी चौथीत असेन. खोली बघायला दादा मला आणि मायला घेऊन गेले. त्याआधी बऱ्याच दारांत आडनाव विचारून झाल्यावर "अरेरे, खोली कालच गेली की" असं ऐकलं होतं. काकूंनी आडनाव ऐकून घेतलं, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आमचं काही नाही बाई, आम्ही तसलं काही मानत नाही. एवढंच, की वर मटन-मच्छी शिजवायची नाही. अंडंसुद्धा नाही. खाली देव आहेत." दादा लगेच "हो हो, काहीच हरकत नाही" म्हणाले. पण काकू दादांकडं बघतच नव्हत्या, मायकडं बघत होत्या. चूल कुणाच्या हातात असते ते बाईला बरोबर ठाऊक असतं. "तू सांग गं," त्या म्हणाल्या. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाली, "शिजवनार न्हाई अन् खानार बी न्हाई. आजपून सोडलं."

खाण्याचं तिला कुणी विचारलंच नव्हतं. पण माय तशीच. कुणी एक मागितलं की ही दोन देऊन मोकळी, आणि दिलेलं परत घेणं तिच्या रक्तात नव्हतं. रक्त हा शब्द असा सहज आला खरा. पुढं त्याचंच सांगायचंय.

तिनं काय सोडलं ते ज्यानं तिच्या हातचं खाल्लंय त्यालाच कळेल. आमच्याकडं मटन म्हणजे नुसत्या बोट्या नव्हेत. बोट्या घेण्याची ऐपत कधीमधीचीच. आमच्या घरात यायचं काळीज, यायची वजडी, म्हणजे बकऱ्याचं पोट, चुन्याच्या पाण्यात घासून घासून माय ती पांढरीशुभ्र करायची. कधी रक्ती, म्हणजे बकऱ्याचं गोठलेलं रक्त यायचं, तव्यावर कांदा आणि काळा मसाला टाकून परतलेलं. ज्वारीची भाकरी, वर ती रक्ती, बाजूला कांदा फोडलेला. चुलीवर काळीज चरचरायला लागलं की बाहेर खेळणारी आम्ही पोरं आपोआप उंबऱ्यात येऊन बसायचो. बोटीवर ताव मारणारे लोक जे फेकून देतात किंवा कुत्र्याला घालतात, ते आम्ही बोटं चाटून खायचो, आणि शाळेत कुणी "काल काय खाल्लंस?" विचारलं की मी "पिठलं" म्हणायची. ती शरम मला कुणी शिकवली ते आठवत नाही. ताटाखाली पाट असावा तशी ती असायचीच.

दादांनी मात्र काकूंच्या अटीचा मोठेपणा बनवला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडं हात करून म्हणायचे, "पंचशीलातलं पहिलंच शील बघा, जीवहत्या नको. आपण तर हे कधीच सोडायला पाहिजे होतं." कचेरीतल्या लोकांना सांगायचे, "आमच्या घरात शुद्ध शाकाहार." आणि घरात त्यांचं एक पालुपद होतं, "लोकांना बोलायला जागा ठेवायची नाही." कपडे इस्त्रीचे असावेत, जिन्यात मोठ्यानं बोलू नये, फोडणीत लसूण जास्त नको, वास खाली जातो. लसणाचा वास! मला आत्ताही संताप येतो. पण तेव्हा मीच उठून खिडकी लावून घ्यायची.

दादांचं स्वतःचं शील मात्र मुरुडच्या रस्त्यावर सुटायचं. कामानिमित्त ते दौऱ्यावर जायचे आणि धाब्यावर जेवून, बडीशेप चघळत यायचे. माय त्यांचा सदरा भिजवताना एकदा नाकाशी धरायची आणि जरा जास्त साबण लावायची. मी सुट्टीत मामाकडं, नायगावकडं गेले की पोटभर खाऊन यायची. मायही यायची. तिथं ती सगळ्यांसाठी वजडी रांधायची, मीठ-तिखट दुसऱ्याला चाखायला लावायची आणि स्वतः अंबाडीची भाजी-भाकर घेऊन बाजूला बसायची. मामा चिडायचा. "अक्का, एक फोड तर खा. तुझी काकू इथं बगाया आली का?"

"ती न्हाई आली. म्या तर हाय की इथं," माय म्हणायची.

दुधाचंही तसंच. दूध यायचं ते दादांच्या चहाला आणि माझ्या अभ्यासाच्या पेल्याला. माय गुळाचा काळा चहा प्यायची. ताक उरलं तर कढी, तीही आम्हाला. मी पुढं जन्मभर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. बी ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं, ते मांसात, अंड्यात, दुधात असतं, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं. आणि शरीरात त्याचा साठा असतो, तो संपायला वर्षं लागतात, हे दुसरं वाक्य लिहिताना दरवर्षी माझी पाठ वर्गाकडं होती ते बरं होतं. माय काही एका दिवसात आजारी पडली नाही. मी चौथीतून बारावीत जाईपर्यंत ती हळूहळू संपत होती आणि आम्ही तिच्या हातचं जेवत होतो.

आधी जीभ गेली. ठेच्याशिवाय घास न गिळणारी बाई तिखटाला घाबरायला लागली. जीभ लालबुंद, गुळगुळीत झाली होती, घासलेल्या फरशीसारखी. मग दम लागायला लागला. जिना चढली की वरच्या पायरीवर बसायची. बोटांची पेरं काळी पडली. गल्लीतल्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, "रक्त कमी आहे" म्हणाले आणि लाल गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिच्या तोंडावर जरा तजेला आला. दादा खूश. "बघ, भाजीपाला आणि औषध, बाकी काय लागतं माणसाला!" पण तिचे पाय तोवर बिघडायला लागले होते. मुंग्या येतात, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. मुंग्या येतात हे काय सांगायचं दुखणं आहे का, असं तिला वाटलं असणार.

एक दिवस आम्ही दोघी गंजगोलाईतून भाजी घेऊन येत होतो. समोरून माझ्या वर्गातल्या पोरी आल्या आणि एकदम तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या. मी वळून बघितलं. मायच्या एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. कधी निसटली तिला पत्ताच नव्हता. उन्हानं डांबर मऊ पडलेलं, आणि ती त्याच्यावरून शांतपणे चाललेली, भाजीची पिशवी सांभाळत. "माय, चप्पल?" मी म्हणाले. तिनं खाली बघितलं आणि बघतच राहिली, तो पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही परत जाऊन शोधली, कांदेवाल्यासमोर पडली होती.

मग ती मोरीत पडली. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ती कोसळायची. डोळे उघडे असले की भिंतीकडं बघत उभी राहायची, मिटले की गेलीच. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं, नाहीतर पडायचंच नाही. कधी न चिडणारी माय दादांवर वसकन ओरडायची आणि मग रडायची. गल्लीतल्या एका शहाण्या बाईनं "हिला बाहेरचं काही झालंय, बघून घ्या" असंही सुचवलं. शेवटी मामा आला, तिला जिना उतरताना बघितलं आणि दादांना म्हणाला, "दाजी, तुमचं लातूर ऱ्हाऊ द्या. म्या हिला नांदेडला नेऊन राहिलो. यायचं तर या."

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात बायकांचा वॉर्ड म्हणजे जत्रा. खाटेवर दोघी, खाटेखाली नातेवाईक, कुणी डब्यातला भात कालवतंय, कुणी पोराला झोपवतंय. मायला तपासायला आलेली डॉक्टरीण माझ्याहून फार मोठी नसेल, केस कसेतरी वर बांधलेले, डोळ्यांखाली जागरण. तिनं मायला उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. माय लगेच कलली. डॉक्टरणीनं तिला पोटाशी धरलं. जीभ बघितली, बोटांची पेरं बघितली. मग विचारलं, "खाण्यात काय असतं मावशींच्या?"

दादांनी हे उत्तर किती वर्षं घोटलं होतं! ते छाती पुढं काढून, शेजारच्या दोन्ही खाटांना ऐकू जाईल असे म्हणाले, "शुद्ध शाकाहारी, मॅडम. कित्येक वर्षं अंड्यालासुद्धा शिवलेलो नाही."

डॉक्टरणीनं मान वर केली. "दूध?"

"चहापुरतं."

"त्या घेतात?"

दादा मायकडं बघायला लागले. आपली बायको चहात दूध घेते का नाही, हे त्यांना आठवेना. "काळा पिते ती," मी म्हणाले.

"आणि तुम्ही? तुम्हाला मुंग्या, चक्कर काही? तुम्हीही काहीच खात नाही ना?"

दादा काहीतरी पुटपुटले. तिला ऐकू आलं नाही, तिनं पुन्हा विचारलं. "बाहेर," ते म्हणाले, "कधीमधी. बाहेर खातो." एवढ्या गजबजलेल्या वॉर्डातही ते नेमकं शेजारच्या खाटांना ऐकू गेलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दादांना खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती. मायला यातलं नवीन काहीच नव्हतं; सदरे तीच धूत होती. तरी तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. माझ्या बापाला चारचौघांत असं उघडं पडलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि कीव आली, राग आला, सगळ्यात जास्त लाज वाटली. खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्या घरात खाणारे ठणठणीत होते आणि न खाणारी खाटेवर.

मी बारावी सायन्सला आहे हे कळल्यावर ती डॉक्टरीण संध्याकाळी मला खालच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. "ये, आईचं रक्त बघ." काचपट्टीवर मायच्या रक्ताचा एक थेंब फासलेला होता. कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकात मी रक्तपेशी बघितल्या होत्या, एकसारख्या, गोल. या तशा नव्हत्या. मोठाल्या, लांबट, कशाही. संख्येनं थोड्या. पांढऱ्या पेशीतलं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं असायचं, ते पाच-सहा तुकड्यांत विखुरलेलं. तिनं मला सोप्या भाषेत समजावलं. पेशीनं दोन व्हायचं तर आधी तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्या प्रतीला चार प्रकारची अक्षरं लागतात. त्यातलं एक अक्षर बनवायला फॉलिक ॲसिड लागतं आणि फॉलिक ॲसिडला कामाला लावायला बी ट्वेल्व्ह. ते नसलं की अक्षर अपुरं पडतं, प्रत अडते. पेशी मात्र वाढतच राहते. पीठ भिजून फुगत चाललंय आणि उंडे काही पडत नाहीत, तसं. अशा कितीतरी अर्धवट पेशी हाडातल्या मगजातच मरून जातात, आणि रक्तात येतात त्या या अशा बेढब.

"आणि लाल गोळ्या?" मी विचारलं. त्यांच्यात लोह होतं आणि फॉलिक ॲसिडही, ती म्हणाली. शिवाय माय पालेभाजी खूप खात होती, त्यातही तेच. त्यानं रक्ताला थोडी ठिगळं लागली, तोंडावर तजेला आला आणि खरं दुखणं झाकलं गेलं. नसांवर एक वेष्टण असतं, ते टिकवायला मात्र बी ट्वेल्व्हच लागतं, तिथं फॉलिक ॲसिडचं काही चालत नाही. ते वेष्टण तोवर सोलत राहिलं. "इंजेक्शनांनी रक्त लवकर भरून येईल," ती म्हणाली. "पायांचं मी सांगू शकत नाही. आधी आणायला हवं होतं."

हल्ली लातुरात कोचिंगला आलेली पोरं मेसचं खाऊन चक्कर येऊन पडतात, त्यांचे आईबाप बी ट्वेल्व्हचा रिपोर्ट फोनवर मला दाखवतात आणि "मॅडम, हे एवढं काय असतं?" विचारतात. मी सांगते. कुणी शाकाहारी असेल तर त्यात वाईट काही नाही, दूध घ्या, गोळी घ्या, संपलं. पण त्या पोरांच्या काचपट्टीत मला काही दिसायचं नाही. मायच्या रक्तात मला आमचा जिना दिसला होता, बंद केलेली खिडकी दिसली होती.

सुया सुरू झाल्या आणि खरोखरच पंधरवड्यात तिचा दम कमी झाला, जीभ निवली. दवाखान्यातून मामाकडं गेलो. डॉक्टरणीनं काळीज, अंडी, दूध सांगितलं होतं. दादा स्वतः नायगावच्या बाजारात गेले आणि काळीज घेऊन आले. मामीनं ते मायच्याच पद्धतीनं केलं. सगळं घर मायच्या ताटाकडं बघत बसलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, फोड घेतली, तोंडात घातली. चावत राहिली, चावत राहिली. घास या गालातून त्या गालात फिरला. मग तिनं तो पदरात काढला. "उतरंना रे," ती मामाला म्हणाली. "लई वास मारून राहिला." आपल्याच घरच्या काळजाचा तिला वास आला. दादा उठून बाहेर गेले. माय मरेपर्यंत सुईवर जगली, पण ती फोड काही तिच्या घशाखाली गेली नाही.

लातूरला परत आल्यावर सुया गल्लीतल्याच दवाखान्यात घ्यायच्या होत्या. पहिल्या दिवशी मी आणि दादा तिला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन गेलो. आत शिरलो तर बाकावर काकू बसलेल्या, दंडावर कापूस दाबून धरलेला. मायला बघून त्या सरकल्या, तिला शेजारी बसवून घेतलं, हात हातात घेतला.

"अगंबाई, तू इथं? नांदेडहून कधी आलीस? काय निघालं?"

मायला नाव सांगता येईना, मी सांगितलं. काकू टाळी वाजवायच्याच बाकी राहिल्या. "बी ट्वेल्व्ह! अगं, मीही तीच सुई घेते की! कैक वर्षं झाली. पायाला मुंग्या, जीभ सोललेली, हेच ना? आमच्या जावेलाही आहे. मला का नाही बोललीस?"

"तुमी तर रोज बगत व्हतात, काकू," माय म्हणाली. "जिन्याचा कठडा धरून चालत व्हते म्या. जीभ बी दाखवली व्हती तुमाला, शिरा तिखट लागून राहिला म्हनले तवा. तुमाला ठाव व्हतं तर तुमीच का न्हाई बोललात?"

"अगं, पण तुला कसं होईल ते?" काकू अगदी निर्मळ मनानं म्हणाल्या. "हे आमच्यासारख्या न खाणाऱ्यांना होतं. मला वाटलं, वर शिजवत नाही हे खरं, पण बाहेर खातच असाल. तुमच्यात कुठं सुटतंय गं ते! मी काही मनाला लावून घेतलं नव्हतं हो. घरात नाही ना, मग झालं."

मायनं हात सोडवून घेतला. एवढी वर्षं. एवढी वर्षं त्या बाईला ते खरं वाटलंच नव्हतं. बोलायला जागा ठेवायची नाही म्हणून माझ्या मायनं जीभ दिली, रक्त दिलं, पाय दिले; आणि ज्यांच्यासाठी दिले त्यांनी ते जमेतसुद्धा धरलं नव्हतं. त्यांचा अंदाज दादांच्या बाबतीत तर बरोबरच होता. दादा भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत उभे होते, कानाच्या पाळ्या लाल. मला वाटलं माय आता ओरडेल. ती हसली. "एवढंच व्हय," म्हणाली आणि सुई घ्यायला आत गेली.

परतताना काकू पुढं गेल्या, आम्ही मागून. दिवेलागणीची वेळ, रस्त्यावर ओळखीची माणसं, दादांना नमस्कार करणारी. चालता चालता मी मागं बघितलं तर मायची चप्पल रस्त्यात पडलेली, आणि तिला अर्थातच कळलं नव्हतं. या वेळी मी काही बोलायच्या आत दादा मागं गेले. चप्पल उचलून आणली आणि हातात घेऊन उभे राहिले. मायनं माझ्या खांद्याला धरून पाय पुढं केला. त्या पायात चप्पल आपली आपण शिरत नव्हती, कुणीतरी वाकून चढवायलाच हवी होती.

दादांनी इस्त्रीच्या पँटीची घडी चिमटीत धरली. मग एकदा उजवीकडं बघितलं, एकदा डावीकडं, पानवाल्याच्या टपरीकडं, काकूंच्या पाठीकडं.

माय पाय तसाच पुढं धरून उभी होती. "बगून झालं का," ती म्हणाली, "कोन बगून राहिलं ते? झालं आसंल तर घाला."